ग्राहकांच्या गोधड्या लाँगआर्मवर पूर्ण करताना: अस्तर, ताण, दर (नागपूर)

वाकळवाली_महाल
तुकडे जोडून टॉप घरी करायचा आणि तीन थर (टॉप, मधलं भरण, अस्तर) एकत्र शिवायला लाँगआर्मवाल्याकडे (फ्रेमवर ताणलेल्या थरांवरून फिरणारं लांब हाताचं शिलाई मशीन) द्यायचा, असं काम आता नागपुरात बऱ्यापैकी येतं. फ्रेम 12 फुटी, मशीनची आतली जागा 20 इंच, स्टिच रेग्युलेटर (टाके एकसारखे ठेवणारा) आहे, कॉम्प्युटर नाही. मागून लेझर लावून कागदी पँटोग्राफवर (नक्षी छापलेली लांब पट्टी, तिच्या रेषेवरून लेझर फिरवायचा) काम. जाणकारांचं मत पाहिजे ते असं:

ग्राहक अस्तर टॉपच्याच मापाचं आणतात. वाढीव नेमकं किती मागायचं, आणि जोड आला तर आडवा की उभा? बॉर्डर लाटा मारते तेव्हा "शिवता शिवता बसवून द्या" म्हणतात, ते कुठवर शक्य आहे? गोलाईवर मागच्या बाजूला वरच्या दोऱ्याचे बारीक फासे दिसतात, सरळ रेषेत मात्र टीप स्वच्छ येते. आणि दर चौरस इंचावर लावावा की नगावर?

उभाधागा
अस्तर चारही बाजूंनी 4 इंच जास्त, म्हणजे लांबी आणि रुंदी दोन्हींत 8 इंच. वाडिंगही (मधलं भरण) तेवढंच. यात सूट देऊ नका. वरचे-खालचे दोन-दोन इंच लीडरला (रोलरला लावलेली कापडी पट्टी) टाचण्यात जातात, बाजूचे क्लॅम्प (कड धरणारे चिमटे) एखादा इंच धरतात, आणि क्लॅम्प टॉपच्या कडेला चिकटून असला तर मशीनचा पाय त्यावर आपटतो. टेन्शन (दोऱ्यांचा ताण) तपासायला मोकळी जागा लागते, तीही याच वाढीव भागातून मिळते.

हिशेब दाखवते. टॉप 90 × 100 इंच, अस्तर हवं 98 × 108. 44 पन्ह्याच्या कापडाचे काठ कापून आणि जोडाची शिलाई वजा करून हातात 41 इंच येतात. जोड आडवे घेतले तर 98 इंचांचे 3 तुकडे, एकूण 294 इंच, म्हणजे साधारण साडेसात मीटर. उभे घेतले तर 108 चे 3, म्हणजे 324 इंच, सव्वाआठ मीटर. आटण्यासाठी थोडं वर धरून आडव्यासाठी 8 मीटर सांगा. गांधीबागेत चादरीचं रुंद कापड 108 पन्ह्याचं मिळालं तर जोडच नको, पावणेतीन मीटरमध्ये काम होतं. फक्त पन्हा दुकानातच मोजा. 108 सांगून 104 निघतो.

सुईदोरा
जोड आडवाच का, तेही लिहा ना. ग्राहकाला कारण सांगितलं की पटतं.

उभाधागा
उभा जोड रोलरवर दर वळशाला त्याच जागी येतो. थरावर थर चढून तिथे जाडी वाढते, जोडाचं कापड ताणलं जातं आणि दोन्ही बाजूंना झोळ पडतो. त्या झोळाच्या मागून चुण्या येतात. आडवा जोड एकदाच गुंडाळला जातो, प्रश्न मिटला.

जोडाला अर्धा इंच शिलाई ठेवा, इस्त्रीने दोन्हीकडे उघडून दाबा आणि काठ आधी कापून टाका. काठाची वीण घट्ट असते, ती बाकीच्या कापडाइतकी ताणत नाही आणि धुतल्यावर वेगळी आटते.

अस्तर काटकोनात आहे का ते कर्णाने पाहा. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. साधं सुती कापड कात्रीने कापण्यापेक्षा फाडलेलं बरं, आडवा धागा आपोआप सापडतो. अस्तर तिरकं लीडरला लावलं तर पहिल्या दोन ओळी छान जातात, मग एका बाजूला ढिलं आणि दुसऱ्या बाजूला तंग, आणि तिथून पुढे काहीही केलं तरी सरळ होत नाही. काढून परत लावावं लागतं.

तिरकस
चादरीच्या कापडाबद्दल माझं मत वेगळं. जास्त धागेसंख्येची गच्च विणीची चादर लाँगआर्मला वैर करते. सुईला धाग्यांच्या मधून वाट मिळत नाही, ती धागा तोडूनच आत जाते. उसवलं तर भोकं तशीच राहतात, टाके सुटतात ते वेगळं. साध्या विणीचं, हाताला मऊ कापड घ्या. ग्राहकाने गच्च चादरच आणली तर नवी सुई लावा आणि दोरा बारीक घ्या.

सुईदोरा
आणि साडीचं अस्तर? आईची सुती साडी मागे लावून द्या, असं सांगणारे पुष्कळ असतात.

उभाधागा
लावता येते. पाचवारीचा पन्हा 44 ते 48 इंच, त्यामुळे मोठ्या गोधडीला दोन साड्या किंवा नऊवारी लागते. काठ जरीचे असतील तर काढा: जरीवर सुईची धार जाते, शिवाय काठ तंग आणि अंग सैल असल्याने सगळं वाकडं होतं. साडी धुऊन, हलकं स्टार्च मारून, इस्त्री करून घ्या. विरळ वीण क्लॅम्पला ताणते, म्हणून बाजूचे क्लॅम्प जवळजवळ ढिलेच ठेवा. रंग सुटतो का ते पांढरं ओलं फडकं दाबून आधी बघा. लाल आणि काळ्यावर विशेष.

रेषा_सदर
बॉर्डरचं उत्तर मी देते.

लाट बहुतेक वेळा एकाच कारणाने येते. लांब पट्टी कडेला लावत गेले, शेवटी उरलेली कापली. शिवताना मशीनचे दाते खालचं कापड ओढतात, पट्टी मापापेक्षा जास्त खाल्ली जाते. खरी पद्धत: टॉपची लांबी मध्यावर आणि दोन्ही कडांच्या थोडं आत अशी तीनदा मोजायची, सरासरी काढायची आणि पट्टी तेवढीच कापायची. मग मध्य, चतुर्थांश आणि टोकं टाचून शिवायची.

आपल्याकडे आल्यावर काय? टॉप जमिनीवर पसरून मध्याची आणि कडेची लांबी मोजा. 100 इंचांत इंचभर फरक असेल तर जिरतो. लीडरवर मध्याचं माप खुणेने लावा, बॉर्डर तेवढ्यातच बसवून टाचा, वाफेची इस्त्री द्या, वाडिंग थोडं फुगीर घ्या आणि बॉर्डरवर टीप दाट घ्या. दोन इंचांच्या पुढे फरक गेला की घडी पडणारच. मशीन कापड खाऊन टाकत नाही. तिथे बॉर्डर उसवून परत लावायची, आणि त्याचे पैसे वेगळे. हे काम घेतानाच कागदावर लिहून ठेवा.

टॉपच्या चारही कडांना 1/8 इंचावर एक सैल टीप मारून आणायला सांगा. कडेच्या शिलाया उसवत नाहीत आणि तिरपा धागा ताणत नाही.

हिंगणारोड
काम घेताना टॉप उलटा करून पाहत जा बरं. पांढऱ्या कापडामागे काळ्या दोऱ्याच्या दशा राहिल्या तर शिवल्यावर समोरून दिसतात, मग काढता येत नाहीत. आणि वरची बाजू कोणती, ते ग्राहकाकडूनच चिठ्ठी टाचून घ्यायचं. चित्र असलेला टॉप उलटा लागला तर काय सांगाल त्याला? बटणं, आरसे, गोटा आधी काढायचे, नंतर हाताने लावायचे.

बॉबिनबाबा
फाशांचं सांगतो, जरा लांबेल.

गोलाईवर मागे वरच्या दोऱ्याचे फासे आणि खालचा दोरा सरळ ताठ पडलेला असेल, तर वरचा दोरा ढिला आहे किंवा खालचा घट्ट. पण सरळ रेषेत दिसत नाही म्हणताय, म्हणून तिसरी गोष्टही आहे: वेग. टाका घेताना कापडात असलेली सुई मशीनच्या ओढीने वाकते. सरळ जाताना थोडं चालतं, वळणावर हाताचा झटका बसला की वाकलेली सुई दोरा बाजूला ओढते. तिथे रेग्युलेटर उपयोगाचा नाही. तो टाक्यांची संख्या सांभाळतो, सुईचं वाकणं नाही. वळणावर हात हळू करा.

क्रम असा ठेवा. आधी खालचं टेन्शन, मगच वरचं. भरलेली बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) तिच्या केसमध्ये (धातूची डबी) घालून केस तळहातावर ठेवा आणि दोरा वर ओढा. केस उभी राहिली पाहिजे पण तळहात सोडू नये. उचलली गेली तर घट्ट, आडवीच राहून दोरा सुटत गेला तर ढिली. केसचा छोटा स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या हिशेबाने थोडाथोडाच फिरवा. केसच्या तळाशी पातळ स्प्रिंग असते, तिने बॉबिन अचानक थांबल्यावर मोकळी फिरत नाही. ती स्प्रिंग दबून गेली असेल तर कोपऱ्यावर थांबलात की मागे गुंता होतो, लोक मात्र वरचं टेन्शन फिरवत बसतात.

मग वरचं. अस्तराच्या वाढीव भागात त्याच अस्तर-वाडिंगवर, टॉपच्या कापडाचा तुकडा ठेवून दोन्ही दिशांनी गोल काढा. खाली आरसा आणि टॉर्च धरून मागून बघा. समोर खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन जास्त, मागे फासे दिसले तर कमी. दोरा, सुई किंवा वाडिंग बदललं की हे परत करायचं. प्रत्येक गोधडीला.

बॉबिन मध्यम वेगाने भरा. पॉलिस्टर दोरा जोरात भरला तर ताणला जातो, शिवल्यावर आकसतो आणि टीप चुण्या घेते.

वाकळवाली_महाल
सुई 16 नंबर आहे. दोरा कोअर-स्पन (मध्ये सलग धागा, वरून तंतू गुंडाळलेला) 120.

बॉबिनबाबा
जोडी चालेल. बहुतेक लाँगआर्मना 134 सिस्टिमची गोल दांड्याची सुई लागते. घरच्या मशीनची चपट्या दांड्याची बसत नाही. 120 तिकिटाच्या दोऱ्याला 16, जाड 75 च्या दोऱ्याला 18. सुईच्या अंगावरची खोल खाच हूककडे (वरच्या दोऱ्याचा फास पकडणारा फिरता भाग), म्हणजे बहुतेक मशीनांत मागे, आणि लांब चीर तुमच्याकडे. थोडी तिरकी बसली तरी टाके सुटतात, आणि तेही एकाच दिशेने जाताना. उजवीकडून डावीकडे टाके सुटतात आणि उलट्या दिशेने नाही, असं दिसलं की आधी सुईच बघा, टायमिंगला (सुई आणि हूकचा मेळ) हात लावू नका.

पायाची उंचीही पाहा. पाय खाली आल्यावर कापडावर घासू नये, पण खाली व्हिजिटिंग कार्डापेक्षा जास्त फट नको. फट जास्त असली तर सुई वर जाताना कापडही सोबत उचललं जातं, फास नीट तयार होत नाही आणि टाका सुटतो.

एम्ब्रॉयडरीचा चकचकीत रेयॉन दोरा ग्राहक आणतात, तो रोज वापरायच्या गोधडीला घालू नका. ओला झाला की कमजोर.

तिरकस
+1. आणि अस्तर ताणायचं किती ते कोणीच लिहिलं नाही. टिचकी मारल्यावर आवाज येईल इतकं ताणलं तर गेलं. अस्तर ताणलेलं, टॉप सैल, फ्रेमवरून काढलं की अस्तर आकसतं आणि समोर चुण्या. खालून बोट लावलं तर बोटाचा आकार वरून जाणवला पाहिजे, एवढंच. जोरात ताणलेल्या कापडात सुईही जास्त वाकते, म्हणजे बाबांनी सांगितलेले फासे आलेच.

रेषा_सदर
दर वेळी पुढे गुंडाळताना रुंदी तपासा. पहिली ओळ शिवायच्या आधी टॉपच्या दोन कडा रोलरच्या लीडरवर मास्किंग टेपने खुणा करून ठेवा. प्रत्येक गुंडाळीनंतर कडा त्याच खुणांवर आल्या पाहिजेत. हे न केल्यास वरची रुंदी 90, खालची 88, आणि ग्राहक विचारतो की टॉप कोणी आवळला. टॉपची आडवी जोडरेषा किंवा पट्टी मशीनचा आडवा लॉक लावून तपासायची: सुई त्या रेषेवरून सरळ गेली पाहिजे.

टॉप दोन्ही रोलरला टाचण्यापेक्षा फक्त वरची कड कच्च्या टिपेने धरून बाकी मोकळा सोडलेला बरा. हाताने जोडलेले टॉप तंतोतंत नसतात. मोकळं असलं की दर ओळीला थोडं समजावून घेता येतं.

बर्डीवाला
वाखुसा (वाचनखूण साठवली). कापसाच्या लादीबद्दल कोणी लिहील का? आपल्याकडे कापूस पिंजून भरायची सवय, ग्राहक तोच घेऊन येतात.

उभाधागा
पिंजलेला मोकळा कापूस लाँगआर्मवर नको. रोलरवर गुंडाळताना सरकतो, गोळे होतात, सुई प्रत्येक टाक्याला तंतू खाली ओढते आणि हूकमध्ये कीस भरतो. विदर्भात हे सांगणं जिवावर येतं, पण नको. सुईने ठोकून घट्ट केलेली सुती शीट, नाहीतर सुती-पॉलिस्टर मिश्र घ्या. पॉलिस्टर वाडिंग घेतलं तर जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) विचारा. 98 × 108 इंच म्हणजे 6.8 चौरस मीटर. 150 जीएसएमचं वजन एक किलोवर जातं, 200 चं 1.35 किलोपर्यंत. उन्हाळ्यात पांघरायच्या गोधडीला ते जड होतं.

सुती शीट धुतल्यावर 3 ते 5 टक्के आटते, म्हणजे 100 इंचांचे 95-97. ग्राहकाला आधी सांगा. दोन टिपांमधलं अंतर पाकिटावर लिहिलेलं असतं, त्यापेक्षा विरळ शिवू नका, नाहीतर आत गोळा होतो. ठोकलेल्या शीटला दिशाही असते. बारीक खळगे दिसतात ती बाजू वर ठेवायची. उलटी लावली की तंतू अस्तरातून बाहेर डोकावतात.

हिंगणारोड
आता इथल्या हवेचं. एप्रिल-मे मध्ये दुपारची हवा कोरडी ठक्क. पॉलिस्टर वाडिंग आणि पॉलिस्टर दोरा, दोन्हींत स्थिर वीज भरते, कीस सगळीकडे चिकटतो, दोरा कोनावरून (दोऱ्याची शंकूच्या आकाराची मोठी रीळ) सुटताना पायाला गुंडाळतो. आणि मग लोक कूलरचा झोत थेट फ्रेमवर मारतात! तो दोऱ्याला हेलकावे देतो, पँटोग्राफचा कागद कुरळा करतो, रुळांना आणि हूकला गंज चढवतो. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकी उघडी, झोत भिंतीकडे. कोन पिशवीत बंद ठेवा. अर्थिंग तपासून घ्या. रूळ आणि चाकं रोज कोरड्या फडक्याने पुसा. चाकात कीस अडकला की लेझर रेषेवर असूनही टीप थरथरते.

फ्रेम स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांनी पातळीत घ्या. हात सोडल्यावर मशीन आपोआप एका बाजूला सरकत असेल तर फरशी उतरती आहे, पायांचे स्क्रू फिरवा.

बाहेरून आणलेल्या मशीनच्या मागची प्लेट वाचा, 110 व्होल्टची असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. लाइट गेली तर सुई कापडात अडकलेली असते. मशीन ढकलू नका, हाताने चाक फिरवून सुई वर घ्या, जागेला टेप लावा. परत सुरू करताना अर्धा इंच मागून, जुन्या टिपेवरूनच, आधी 4-5 बारीक टाके.

आजीची_वाकळ
मुळात एक विचारते. पाच-सहा जुन्या साड्यांची वाकळ लाँगआर्मवर का घालायची? धावदोरा हाताने इंचाला तीन-चार टाके घेतो, कापड श्वास घेतं. मशीन इंचाला दहा भोकं पाडते. जीर्ण कापड त्या रेषेवर पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं.

तिरकस
सहमत आहे, अर्ध्यापुरता. जीर्ण कापड नकोच. पण साड्या मजबूत असतील तर टाका मोठा करा, इंचाला 6, सुई 14, रेषा दीड-दोन इंचांवर, आणि खाली नव्या मलमलचा एक थर घाला म्हणजे दोऱ्याला धरायला काहीतरी मिळतं. वाडिंग घालायचं नाही. आणि दाट नक्षी अजिबात नाही, जुन्या कापडाला एकाच जागी टोचत राहणं सोसत नाही.

आजीची_वाकळ
कापड मजबूत आहे हे कसं ठरवता?

तिरकस
दोन हातांत घडी धरून आडव्या आणि उभ्या धाग्यावर हळू ओढायचं. चर्र आवाज आला किंवा उजेडाकडे धरल्यावर घडीच्या रेषा पातळ दिसल्या तर परत करायचं. पैसे गेले तरी चालतील.

रेषा_सदर
दराचं. चौरस इंचावर लावा, पण किमान रक्कम ठेवा. समजा एकाच पँटोग्राफच्या कामाला इंचाला 50 पैसे. 90 × 100 ला 9000 इंच, 4500 रुपये. तेच बाळाचं 36 × 45 फक्त 1620 इंच, 810 रुपये होतात, पण अस्तर लावणं, टेन्शन बसवणं, काढणं याला वेळ जवळजवळ तेवढाच. म्हणून किमान. दोरा, वाडिंग, इस्त्री, दशा कापणं, अस्तर जोडणं, हे सगळं वेगळ्या ओळीत लिहा. तुकड्यातुकड्याला वेगळी नक्षी असेल तर दर तिप्पट-चौपट होतो, कारण दर वेळी सुरुवात आणि गाठ. दोऱ्याचा खर्च अंदाजाने लावू नका: कोन आणि भरलेल्या बॉबिनी कामाआधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला.

पँटोग्राफच्या ओळी आधीच मोजा. नक्षीची ओळ 9.5 इंचांची असेल तर 100 इंचांत साडेदहा ओळी येतात. कागदी नक्षी लहान-मोठी करता येत नाही, म्हणून पहिली ओळ टॉपच्या वर थोडी सरकवून सुरू करायची, म्हणजे खाली अर्धी ओळ लटकत नाही.

वाकळवाली_महाल
कडेची पट्टीही लावून द्या म्हणतात. फ्रेमवरून काढल्यावर लगेच कापायचं का?

उभाधागा
लगेच कापू नका. आधी जमिनीवर पसरून कोपरे तपासा, कर्ण मोजा, कडेच्या टिपा सुटल्यात का पाहा. दुरुस्ती असेल तर वाढीव कापड असतानाच फ्रेमवर परत लावता येते. मग टॉपच्या कडेने कापा. ग्राहक स्वतः पट्टी लावणार असेल तर वाढीव तसंच ठेवून द्या, तो कापेल.

पट्टी अडीच इंच रुंद, दुहेरी घडीची. 90 × 100 चा परिघ 380 अधिक 12 इंच, एकूण 392. 42 इंच वापरायला मिळणाऱ्या पन्ह्याच्या 10 पट्ट्या, म्हणजे 25 इंच कापड. पाऊण मीटर मागा. पट्ट्यांचे जोड तिरपे घ्या, सरळ घेतले तर त्या जागी चार थर जास्त येऊन गाठोडं होतं. कोपऱ्यावर पाव इंच आधी थांबा, दोरा तोडा, पट्टी वर घडी करून परत खाली आणा आणि कडेपासून सुरुवात करा.

बर्डीवाला
गोलाकार कोपरे असतील तर?

उभाधागा
मग पट्टी तिरप्या धाग्यावर कापावी लागते, कापड मीटरभर सांगा. गोलाईवर पट्टी ओढू नका, सैलच बसवा, नाहीतर कोपरा वर उचलला जातो.